पंगतीतला तिसरा पाहुणा

वाढप्यानं एकाच्या पानात जिलबी दोनदा वाढली आणि शेजारच्या पानाशी हात आखडता घेतला, तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. मूलकणांच्या विज्ञानातल्या एका मोठ्या प्रश्नासाठी याहून चपखल शब्द मला सापडलेला नाही. जपान, अमेरिका आणि जिनिव्हा इथले संशोधक २०१२ पासून एकाच संशयाचा पाठपुरावा करत आहेत. निसर्गातलं एक बल तीन भावंडांना खरंच सारखं वाढतं, की तिसऱ्याच्या पानात थोडं जास्त पडतं?

ही तीन भावंडं म्हणजे इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाउ. इलेक्ट्रॉन आपल्या रोजच्या ओळखीचा. म्युऑन त्याचाच थोरला भाऊ, वजनानं सुमारे २०७ पट. तो अनोळखी वाटला तरी सतत आपल्या अवतीभवती असतो. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की म्युऑन जन्मतात, आणि समुद्रसपाटीला करंगळीच्या नखाएवढ्या जागेतून दर मिनिटाला साधारण एक आरपार जातो. हा लेख वाचून होईस्तोवर तुमच्या अंगातून हजारो म्युऑन निघून गेलेले असतील. टाउ मात्र इलेक्ट्रॉनच्या जवळजवळ साडेतीन हजार पट जड आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या प्रवेगकात मार्टिन पर्ल यांच्या गटाला तो १९७५ मध्ये सापडला, आणि त्यासाठी पर्ल यांना १९९५ चं नोबेल मिळालं. टाउ हे नाव ग्रीक 'ट्रिटॉन'च्या आद्याक्षरावरून पडलं. ट्रिटॉन म्हणजे तिसरा. आपलं 'तृतीय' आणि ते ग्रीक नाव एकाच मुळातून आलेले शब्द आहेत, हे मला नेहमीच फार छान वाटत आलं आहे.

या तिघांच्या कुळाला लेप्टॉन म्हणतात. ग्रीक 'लेप्टॉस' म्हणजे बारीक, हलका. टाउ प्रोटॉनच्या जवळपास दुप्पट भरतो, त्यामुळे नाव आता शब्दशः खरं राहिलेलं नाही. पण कुळ एकच आहे, आणि त्या कुळाबद्दल पदार्थविज्ञानाच्या प्रमाण प्रारूपाचं, म्हणजे मूलकणांच्या आजच्या सर्वमान्य सिद्धान्ताचं, म्हणणं अगदी स्पष्ट आहे: वस्तुमान सोडलं तर या तिघांत काहीही फरक नाही. विद्युतभार तोच. किरणोत्सर्गामागचं जे क्षीण बल, त्याचा वाहक असलेला डब्ल्यू बोसॉन तिघांना एकाच पळीनं वाढतो. या तत्त्वाला लेप्टॉनांची सार्वत्रिकता म्हणतात.

तत्त्व नुसतं मानून घेतलेलं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात लेप नावाचं यंत्र चालत होतं. तिथे क्षीण बलाचा दुसरा वाहक, झेड बोसॉन, लाखोंनी निर्माण करून त्याचे क्षय मोजले. इलेक्ट्रॉनची जोडी, म्युऑनची जोडी, टाउची जोडी: तिन्हींचं प्रमाण हजारात तीनच्या आसपास अचूकतेनं सारखं निघालं. त्याच यंत्रावर डब्ल्यू बोसॉन मात्र टाउकडे किंचित झुकतो आहे असं वाटत होतं. ती शंका बरीच वर्षं तशीच राहिली. २०२१ मध्ये सर्नच्याच अॅटलस प्रयोगानं टाउ आणि म्युऑन यांच्या वाट्याचं गुणोत्तर ०.९९२ मोजलं, चूक-भूल ०.०१३. म्हणजे सारखंच.

मग पंक्तिप्रपंचाचा संशय आला कुठून? जड कणांच्या क्षयातून.

बी मेसॉन हा एक असा कण. क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्याही पोटात असणारे मूलकण, आणि मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क यांची जोडी. त्याच्या पोटात बी नावाचा जड क्वार्क असतो. तो सेकंदाच्या दीड लाखकोट्यंशाएवढा काळ जगतो आणि मग मोडतो. मोडताना पुष्कळदा असं होतं, की बी क्वार्कचा सी क्वार्क बनतो आणि त्यातून एक डब्ल्यू बाहेर पडतो. तो डब्ल्यू लगेच एका लेप्टॉनमध्ये आणि एका न्यूट्रिनोमध्ये, म्हणजे भार नसलेल्या, जवळजवळ वजनहीन कणात, फुटतो. मागे उरतो डी किंवा डी-स्टार नावाचा, सी क्वार्क पोटात असलेला मेसॉन. निम्मं घर क्वार्कांचं, निम्मं लेप्टॉनांचं, म्हणून हा अर्धलेप्टॉनी क्षय. डब्ल्यूला इथे तीन वाटा मोकळ्या आहेत: इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाउ. कोणती वाट किती वेळा धरली जाते, एवढंच मोजायचं.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. सार्वत्रिकता खरी असली तरी तिन्ही वाटांचं प्रमाण सारखं येत नाही. बी मेसॉनचं वस्तुमान सुमारे ५२८० एमईव्ही, डी-स्टारचं २०१०. कणांच्या जगात वस्तुमान आणि ऊर्जा एकाच नाण्यात मोजतात, ते नाणं म्हणजे एमईव्ही. डी-स्टारचा खर्च भागवून गाठीशी उरले ३२७०. म्युऑन घ्यायचा तर १०६ पुरतात आणि हातात भरपूर शिल्लक राहते. टाउला १७७७ मोजावे लागतात, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथेच संपले. हालचालीला ऊर्जा कमी उरली की निसर्ग ती वाट कमी वेळा धरतो. हा सगळा हिशेब मांडल्यावर डी-स्टारसाठी टाउ आणि हलक्या लेप्टॉनचं गुणोत्तर सुमारे ०.२५४ येतं. डीसाठी सुमारे ०.२९८. पळी सारखीच असेल तर चार म्युऑनमागे साधारण एक टाउ दिसला पाहिजे.

गुणोत्तरच का मोजायचं, हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग आहे असं मी म्हणेन. बी ते सी हा बदल किती सहज घडतो याचा आकडा आपल्याला हवा तेवढा नेमका माहीत नाही. मेसॉनच्या पोटातला क्वार्कांचा गोंधळ गणितात पकडणंही कठीण. पण तागडी थोडी खोटी असली तरी दोन्ही जिन्नस त्याच तागडीत तोलले, तर कोण कोणाच्या किती पट हे बरोबरच कळतं. अंशात आणि छेदात तेच अज्ञान असल्यामुळे बरंचसं कटून जातं. आणखी एक सोय अशी, की टाउ थेट दिसत नाही. तो क्षणार्धात मोडतो, आणि सुमारे १७ टक्के वेळा त्याच्या जागी एक म्युऑन आणि दोन न्यूट्रिनो उरतात. म्हणजे उपकरणाला दोन्ही बाबतीत दिसतो तो एक डी-स्टार आणि एक म्युऑन. तेच कण, तीच उपकरणं, त्याच चुका.

पण मग दोघांना वेगळं कसं ओळखायचं? सगळी गंमत आणि सगळी मेहनत इथेच आहे. जे दिसत नाही, त्याची मोजदाद करायची. म्युऑनच्या वाटेवर एक न्यूट्रिनो निसटतो. टाउच्या वाटेवर तीन निसटतात: एक टाउबरोबर जन्मलेला, दोन त्याच्या मोडण्यातून आलेले. न्यूट्रिनो कुठल्याच उपकरणात सापडत नाहीत. सापडते ती फक्त हिशेबातली तूट.

जपानमध्ये टोकियोच्या ईशान्येला त्सुकुबा नावाचं गाव आहे. तिथल्या केईके प्रयोगशाळेत तीन किलोमीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन, म्हणजे त्याचा धनभारित जुळा, समोरासमोर आदळवतात. टकरीची ऊर्जा इतकी नेमकी ठेवलेली असते, की त्यातून दोन बी मेसॉन जन्मतात आणि वर अवघे वीसेक एमईव्ही उरतात. सगळ्यात हलका मेसॉन म्हणजे पायॉन, तो बनवायलाही १३५ लागतात. त्यामुळे त्या टकरीत दोन बींखेरीज तिसरं काहीच जन्मू शकत नाही. या काटकसरीचा उपयोग फार मोठा आहे. एका बीचे सगळे तुकडे वेचून त्याला पुन्हा पूर्ण जोडला, की समोरचे उरलेले सगळे तुकडे दुसऱ्या बीचेच असणार. सुरुवातीची ऊर्जा आणि संवेग तर माहीतच असतो. त्यातून जे जे दिसलं ते वजा करायचं. उरलेल्या तुटीचं वस्तुमान शून्याजवळ आलं तर एकच न्यूट्रिनो निसटला आहे. तूट शून्यापासून दूर, मोठी आली, तर एकापेक्षा जास्त निसटले, आणि बहुधा टाउ येऊन गेला.

वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिला बी पुरता जुळवणं हजारात पाच-सात वेळाच जमतं. त्यात शेवटची परीक्षा असते सिझियम आयोडाइडच्या आठ हजारांहून जास्त स्फटिकांची. दोन्ही बींचा हिशेब लागल्यावर त्या स्फटिकांत बेवारस ऊर्जा शिल्लक राहता कामा नये. राहिली, तर एखादा पायॉन नजरेतून सुटला आहे, आणि जी तूट आपण न्यूट्रिनोंच्या नावावर मांडत होतो ती त्याची आहे. डी-स्टारहून जड अशी काही सी-मेसॉनं आहेत. ती मोडताना असे जास्तीचे पायॉन टाकतात आणि हुबेहूब टाउचं सोंग घेतात. या क्षेत्रात काम करणाऱ्यांची झोप उडवणारी गोष्ट कोणती, तर ही सोंगं.

आपल्या मुंबईचा हात या यंत्राला लागलेला आहे. त्सुकुबातल्या आत्ताच्या बेल-२ या उपकरणात टक्कर होते त्या जागेभोवती सिलिकॉनचे थर आहेत. मेसॉन नेमका कुठे मोडला ते हे थर सांगतात. त्यातला चौथा थर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटानं उभारला. आणि त्या संस्थेचे संस्थापक होमी भाभा तर तिथे वेगळ्याच रूपात हजर आहेत. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे विखुरतात याचं गणित भाभांनी केंब्रिजला असताना मांडलं, ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या घटनेला आज जगभर भाभा प्रकीर्णन म्हणतात. बेल-२ मध्ये एकूण किती टकरी झाल्या हे ठरवताना ज्या घटना मोजतात, त्यांत हे भाभा प्रकीर्णन प्रमुख आहे. त्याचं प्रमाण गणितानं नेमकं ठाऊक असल्यामुळे ते मापासारखं वापरता येतं.

आता आकड्यांकडे येऊ. पहिला मोठा धक्का २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या बाबार प्रयोगानं दिला. यंत्र २००८ मध्येच बंद झालं होतं, पण साठवलेल्या सुमारे ४७ कोटी बी-जोड्यांचं विश्लेषण चालू होतं. त्यांचं गुणोत्तर डी-स्टारसाठी ०.३३२ आलं आणि डीसाठी ०.४४०. दोन्ही अपेक्षेपेक्षा वर. दोन्ही मिळून फरक ३.४ सिग्मा. सिग्मा म्हणजे नुसत्या योगायोगानं असा फरक पडण्याची शक्यता किती, याचं माप. तीन सिग्मा म्हणजे पावणेचारशे वेळांत एखादा योगायोग. शोध लागला असं म्हणायला पाच सिग्मा लागतात, तिथे योगायोगाची शक्यता लाखांत एकाहूनही कमी होते. ३.४ म्हणजे दुर्लक्ष करता येणार नाही आणि जाहीरही करता येणार नाही, अशी मधली जागा.

मग बाकीचे कामाला लागले. त्सुकुबातल्या बेलनं, म्हणजे बेल-२ च्या आधीच्या प्रयोगानं, २०१५ मध्ये मोजलं: डी-स्टारसाठी ०.२९३. त्याच वर्षी सर्नच्या एलएचसीबी प्रयोगानं मोजलं: ०.३३६. एलएचसीबीचं काम मला जास्त धाडसाचं वाटतं. तिथे प्रोटॉनच्या टकरी होतात, प्रत्येकीतून शेकडो कण उसळतात, आणि सुरुवातीची ऊर्जा माहीत असण्याची त्सुकुबातली चैन तिथे नाही. पण बी मेसॉन प्रचंड वेगानं निघतात आणि मोडण्याआधी साधारण सेंटीमीटरभर धावतात. टक्कर जिथे झाली तो बिंदू आणि मोडला तो बिंदू जोडले की बीची दिशा कळते. त्या दिशेवरून त्याच्या वेगाचा अंदाज बांधायचा. टाउमधून आलेला म्युऑन तुलनेनं मंद असतो, कारण आणखी दोन न्यूट्रिनोंनी ऊर्जेत वाटा घेतलेला असतो. मंद म्युऑन आणि मोठी तूट, या दोन खुणांवर सगळा खटला उभा राहतो.

पुढच्या वर्षांत आकडे थोडे खाली आले. २०२४ च्या जागतिक सरासरीत डी-स्टारचं गुणोत्तर ०.२८७ आहे, चूक-भूल ०.०१२. डीचं ०.३४२, चूक-भूल ०.०२६. प्रमाण प्रारूपापासूनचं अंतर अजूनही तीन सिग्माहून जास्त. वेगवेगळी उपकरणं, टाउ ओळखण्याच्या वेगवेगळ्या रीती, आणि तरी जवळजवळ सगळी मोजमापं अपेक्षेच्या रेषेच्या वरच्याच अंगाला पडतात. मला सिग्माच्या आकड्यापेक्षा हेच जास्त बोलकं वाटतं.

पण याच घराण्यातल्या दुसऱ्या एका प्रकरणानं सगळ्यांना सावध केलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. बी मेसॉन क्वचित, साधारण वीस लाखांत एकदा, केऑन नावाच्या मेसॉनमध्ये आणि लेप्टॉनच्या जोडीत मोडतो. इथे म्युऑनची जोडी आणि इलेक्ट्रॉनची जोडी यांचं गुणोत्तर जवळजवळ नेमकं १ यायला हवं. मार्च २०२१ मध्ये एलएचसीबीनं ते ०.८४६ जाहीर केलं. ३.१ सिग्मा. वर्तमानपत्रांत मथळे झळकले, सिद्धान्तांच्या लेखांचा पूर आला. तोच गट पुन्हा तपासायला बसला. त्यांना आढळलं, की उपकरणात इलेक्ट्रॉन म्हणून नोंदले गेलेले काही कण प्रत्यक्षात पायॉन आणि केऑन होते, आणि त्यांची संख्या आधी धरली होती त्याहून जास्त होती. खोट्या इलेक्ट्रॉनांनी छेद फुगवला होता. २० डिसेंबर २०२२ ला त्यांनी सुधारलेला आकडा दिला: ०.९४९, म्हणजे चूक-भूल धरता १ शी जुळणारा. संशय मावळला. आपल्याच सर्वांत गाजलेल्या निकालाला आपणच खोदून काढणं आणि भर सभेत मागे घेणं, याला मोठं मन लागतं. त्या दिवसाबद्दल मला त्या गटाचा मनापासून आदर वाटतो.

टाउचं प्रकरणही तसंच मावळेल का? दोघांत एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या गुणोत्तरात अंशात म्युऑन होता आणि छेदात इलेक्ट्रॉन, म्हणजे उपकरणाला दिसणारे कणच वेगळे. एलएचसीबीसाठी इलेक्ट्रॉन तापदायक असतो, तो उपकरणातून जाताना वाटेत प्रकाश सांडत जातो. टाउच्या गुणोत्तरात, वर पाहिल्याप्रमाणे, दोन्हीकडे म्युऑनच दिसतो. त्यामुळे ती जुनी चूक इथे तशीच्या तशी घडू शकत नाही. इथला धोका वेगळा: सोंगं घेणारी जड सी-मेसॉनं, आणि गणितातली चूक. मेसॉनच्या पोटातलं गणित आता मोठ्या संगणकांवर करतात, आणि काही गटांचं उत्तर ०.२५४ च्या थोडं वर येतं. ते बरोबर असेल तर दरी आपोआप आक्रसते.

उलटं बोलणारे साक्षीदारही आहेत. बी क्वार्क असलेला लॅम्डा-बी हा प्रोटॉनच्या जातीचा कण आहे. एलएचसीबीनं २०२२ मध्ये त्याच्या क्षयात टाउचं गुणोत्तर मोजलं, ते ०.२४२ निघालं. प्रमाण प्रारूपाची अपेक्षा होती ०.३२४. म्हणजे इथे तिसऱ्या पाहुण्याला कमीच वाढलेलं दिसतं. चूक-भूल मोठी असल्यामुळे यावरून ठाम बोलता येत नाही, पण टाउला सर्वत्र झुकतं माप मिळतंय ही सरळ गोष्ट सांगणाऱ्यांची त्यानं अडचण केली आहे. बेल-२ नं २०२३ मध्ये वेगळीच रीत वापरली: डी की डी-स्टार असा भेद न करता, जे काही उरेल ते सगळं एकत्र धरून. गुणोत्तर ०.२२८ आलं, अपेक्षेजवळच. याच गटानं इलेक्ट्रॉन आणि म्युऑनचीही तुलना केली. उत्तर १.००७, चूक-भूल शेकडा दोन. धाकट्या दोघांना समान वाटा मिळतो यात शंका उरलेली नाही. प्रश्न फक्त तिसऱ्याचा.

समजा फरक खरा निघाला, तर? तो लहान नाही. डब्ल्यूची ही वाट बी मेसॉनच्या नेहमीच्या, वर्दळीच्या वाटांपैकी एक आहे. डी-स्टारच्या बाबतीत तिथे सुमारे तेरा टक्क्यांची भर पडायची, तर त्यामागे एखादा नवा कण चांगलाच जोर लावत असला पाहिजे. पहिला संशयित होता भारित हिग्ज, म्हणजे हिग्ज कणाचा विद्युतभार असलेला काल्पनिक भाऊबंद. हिग्जचं बल वस्तुमानाच्या प्रमाणात वागतं, त्यामुळे जड टाउवर त्याची मर्जी असणं साहजिकच. पण बाबारच्या आकड्यांनी त्याच्या सर्वांत लोकप्रिय प्रारूपाला ९९.८ टक्के खात्रीनं बाद केलं. आता चर्चेत आहे तो लेप्टोक्वार्क, क्वार्काचं रूपांतर थेट लेप्टॉनमध्ये करू शकणारा कण. तो असेल तर क्वार्क आणि लेप्टॉन ही दोन वेगळी कुळं का आणि दोन्हींच्या पिढ्या नेमक्या तीनच का, या कोड्यांना कुठेतरी हात लागेल. सर्नमध्ये त्याला थेट शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. अजून तो दिसलेला नाही.

वाढलेला टाउ कुठल्या प्रकारचा आहे हेही पाहता येतं. तो स्वतःभोवती कुठल्या दिशेनं फिरतो, डी-स्टार कुठल्या कोनात निघतो, यावरून डब्ल्यूनं वाढलं की दुसऱ्या कोणी, ते ओळखता येईल. बेलनं टाउची ही फिरकी २०१७ मध्ये प्रथमच मोजली. उत्तर होतं उणे ०.३८, आणि चूक-भूल त्या आकड्याहूनही मोठी. हे मोजमाप नीट व्हायचं तर टकरी कितीतरी जास्त हव्यात.

त्या वाढताहेत. दीड वर्षाची दुरुस्ती संपवून बेल-२ चं यंत्र २०२४ च्या सुरुवातीला पुन्हा चालू झालं. जुन्या बेलनं जेवढ्या टकरी गोळा केल्या त्याच्या सुमारे पन्नासपट गोळा करायचं त्यांचं उद्दिष्ट आहे. एलएचसीबीनंही आपलं उपकरण जवळजवळ नव्यानं बांधलं, आणि तिथले सिलिकॉनचे तुकडे आता धावत्या प्रोटॉन-झोतापासून अवघ्या पाच मिलिमीटरवर येऊन उभे राहतात. ०.२८७ पुढची ती ०.०१२ ची चूक-भूल आता किती खाली येते, आणि ती खाली येताना मधला आकडा कुठे सरकतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागले आहेत.